बुधवारी सकाळी आठ वाजता : डुकरिणीच्या माजाचे वेळापत्रक कोणी लिहिले?

#धागा #इतिहास

१/ डुकरीण केव्हा माजावर येणार, हे हजारो वर्षे तिच्या शरीराने ठरवले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तो अधिकार हळूहळू दुसरीकडे गेला : कामगारांच्या पाळ्यांकडे, शेडच्या आराखड्याकडे, कत्तलखान्याच्या मागणीकडे. हा बदल ज्या संप्रेरकांनी, म्हणजे हार्मोन्सनी, घडवला त्यांचा हा इतिहास. त्याचा गाभा पूर्व जर्मनीत आहे. पण त्याचे धागेदोरे कॅलिफोर्नियातील गाभण घोड्यांपासून नेदरलँड्समधील गर्भवती स्त्रियांच्या घरांपर्यंत पसरलेले आहेत.

२/ आधी थोडे शरीरशास्त्र. त्यावाचून पुढचे काही उमगणार नाही. डुकरिणीचे माजचक्र २१ दिवसांचे. माज टिकतो दोन ते तीन दिवस. अंडाशयातून स्त्रीबीजे बाहेर पडतात, त्याला अंडमोचन म्हणतात. ते माजाचा सुमारे दोन-तृतीयांश काळ उलटल्यावर होते. बाहेर पडलेले स्त्रीबीज काही तासच फलनक्षम असते आणि मादीच्या शरीरात शुक्राणू साधारण एक दिवस टिकतात. म्हणजे रेतनाची खरी उपयोगी वेळ अगदी थोडी. ती हुकली, की पुढचे २१ दिवस नुसता खुराक घालायचा.

३/ गर्भकाळ ११४ दिवसांचा : तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवस, असा युरोपातील शेतकऱ्यांचा सोपा हिशेब. त्यात पिल्ले अंगावर पिण्याचे २८ दिवस आणि दूध तोडल्यावर पुन्हा माज येईपर्यंतचा आठवडा मिळवला, की एक फेरी १४९ दिवसांची होते. वर्षाला जेमतेम अडीच वेत. एक माज हुकणे म्हणजे या हिशेबाला मोठे खिंडार.

४/ दोन-चार डुकरिणी बाळगणाऱ्या शेतकऱ्याला याची फिकीर नव्हती. नर शेजारच्या खोपीत असे. मादी माजावर आली की तिला त्याच्याकडे नेत. माज ओळखण्याची खूणही जुनी आहे. मादीच्या पाठीवर हातांनी भार द्यायचा. माजावर असेल तर ती दगडासारखी थिजून उभी राहते, कान ताठ करते. पण नर जवळपास नसेल तर माजावर आलेल्या माद्यांपैकी साधारण अर्ध्याहून थोड्या अधिकच अशा थिजतात, हे फ्रान्समधील संशोधकांनी १९६० च्या सुमारास दाखवून दिले. उरलेल्यांना नराचा वास हवा, त्याचा आवाज हवा. नराच्या लाळेतील गंधद्रव्य फवाऱ्याच्या डब्यात भरून विकण्याचे दिवसही पुढे १९७० च्या दशकात आले.

५/ एका डुकरिणीचा माज ओळखणे हे कौशल्य आहे. हजार डुकरिणींचा माज रोज सकाळ-संध्याकाळ ओळखत बसणे ही मात्र मनुष्यबळाची समस्या होते. या इतिहासातील कळीचा प्रश्न तिथे उभा राहिला. प्रयोगशाळांतून त्याची निम्मी उत्तरे मात्र प्रश्न पडण्याच्या कितीतरी आधीच तयार होऊन पडली होती.

६/ बर्लिन, १९२७-२८. झेलमार आशहाइम आणि बेर्नहार्ड त्सोंडेक या दोघांना आढळले, की गर्भवती स्त्रीची लघवी वयात न आलेल्या उंदरीला टोचली तर तिची अंडाशये झपाट्याने पिकतात. गर्भनिदानाची पहिली भरवशाची चाचणी हीच. लघवीतील ते द्रव्य वारेपासून येते हे पुढे स्पष्ट झाले. आज त्याला ‘एचसीजी’ म्हणतात. दोघेही ज्यू होते. १९३३ नंतर दोघांनाही जर्मनी सोडावी लागली. आशहाइम पॅरिसला गेले, त्सोंडेक अखेर जेरुसलेमला.

७/ १९३० मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठातील हॅरल्ड कोल आणि जॉर्ज हार्ट यांनी तसाच प्रयोग गाभण घोडीच्या रक्ताने केला. विशिष्ट काळातील घोडीच्या रक्तातील द्रव वयात न आलेल्या उंदराच्या मादीला दिला, की तिची अंडाशये फुलत. या द्रव्याचे नाव पडले ‘पीएमएसजी’, म्हणजे गाभण घोडीच्या रक्तद्रवातील अंडाशय-उत्तेजक. आता त्याला ‘ईसीजी’ही म्हणतात, हृदयाच्या ईसीजीशी त्याचा काडीचाही संबंध नाही.

८/ या घोडीच्या संप्रेरकात एक विलक्षण गुण आहे. त्याच्या रेणूवर शर्करांचे जाड आवरण असते, त्यामुळे ते शरीरात दिवसेंदिवस टिकते. इतर उत्तेजक संप्रेरके काही तासांत नाहीशी होतात, म्हणून ती पुन्हा पुन्हा टोचावी लागतात. याची एकच सुई पुरते. शेडमध्ये सुई घेऊन फिरणाऱ्या माणसाच्या दृष्टीने सगळा व्यवहार या एका फरकावर उभा आहे. आणि पुढे याच गुणापायी घोड्यांना मोठी किंमत मोजावी लागली. ते शेवटाकडे येईलच.

९/ मनुष्याचे संप्रेरक कोठून मिळवायचे? नेदरलँड्समधील ओस या गावी डुकराचे मांस निर्यात करणाऱ्या साल व्हॅन झ्वानेनबर्ग यांनी १९२३ मध्ये ‘ऑर्गेनॉन’ ही औषधकंपनी स्थापन केली. कत्तलखान्यात वाया जाणाऱ्या ग्रंथींपासून औषधे काढायची, ही मूळ कल्पना. डुकराच्या स्वादुपिंडातले इन्सुलिन हे पहिले पीक. गर्भवती स्त्रियांची लघवी घरोघर फिरून गोळा करण्याची व्यवस्था १९३० च्या दशकाच्या आरंभी तेथे सुरू झाली आणि ‘मातांसाठी माता’ या नावाने ती पिढ्यान्पिढ्या चालली. त्या लघवीतील संप्रेरकाचा मुख्य उपयोग मूल न होणाऱ्या स्त्रियांसाठी होता. पण तेच द्रव्य पशुवैद्यकाच्या पेटीतही गेले. डुकराच्या कत्तलखान्यातून निघालेली वाट फिरून डुकरिणीच्या मानेतील सुईपाशी आली, असे म्हणण्यास हरकत नाही.

१०/ तर १९४० पर्यंत अंडाशय ‘चालू’ करणारी दोन साधने हाती होती : पुटके वाढवणारे घोडीचे संप्रेरक आणि पिकलेली पुटके फोडून स्त्रीबीज बाहेर काढणारे मानवी संप्रेरक. दुसऱ्याची सुई दिली, की साधारण ४० तासांनी अंडमोचन होते. निसर्गात इतका नेमका आकडा क्वचितच सापडतो. अडचण वेगळीच होती. कळपातील प्रत्येक मादी चक्राच्या वेगळ्या दिवशी उभी असते. सगळ्यांना एकदम ‘चालू’ करायचे, तर आधी सगळ्यांना एकदम ‘बंद’ करावे लागते.

११/ गाईंच्या बाबतीत हे काम पुढे १९७० च्या दशकात प्रोस्टाग्लॅंडिनने सोपे केले. अंडमोचनानंतर अंडाशयात जो पीतपिंड तयार होतो, तो नष्ट केला की जनावर पुन्हा माजावर येते. गाईचा पीतपिंड चक्राच्या पाचव्या-सहाव्या दिवसापासून या औषधाला दाद देतो. डुकरिणीचा मात्र बाराव्या-तेराव्या दिवसापर्यंत ढिम्म हलत नाही. २१ दिवसांच्या चक्रात अर्ध्याहून अधिक काळ औषध निष्फळ! त्यामुळे ‘बंद’ करण्याची निराळी वाट शोधावी लागली.

१२/ ती वाट प्रोजेस्टेरॉनची. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात लेस्टर कॅसिडा यांच्या गटाने १९५१ मध्ये तरुण माद्यांना रोज प्रोजेस्टेरॉन टोचून माज रोखून दाखवला. गर्भनिरोधक गोळी बाजारात येण्याच्या नऊ वर्षे आधीची ही गोष्ट, तत्त्व तेच. परंतु मात्रा कमी पडली तर अंडाशयात द्रवाने भरलेल्या गाठी होत. शिवाय शेकडो डुकरिणींना रोज सुई टोचणार कोण? जे खाद्यात मिसळता येईल असेच औषध हवे होते.

१३/ ते सापडले १९६१ मध्ये. ‘इम्पीरियल केमिकल इंडस्ट्रीज’ या ब्रिटिश कंपनीचे पॅजेट, वॉलपोल आणि रिचर्डसन यांनी ‘नेचर’ नियतकालिकात पोष ग्रंथीचे (म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरीचे) काम दाबणारे एक कृत्रिम द्रव्य जाहीर केले. त्याचे नाव मेथॅलिब्युर. त्यांपैकी आर्थर वॉलपोल यांचे नाव पुढे टॅमॉक्सिफेन या स्तनकर्करोगाच्या औषधाशी कायमचे जोडले गेले. मेथॅलिब्युरला मात्र आज पशुवैद्यकाच्या विद्यार्थ्यांव्यतिरिक्त कोणी ओळखत नाही.

१४/ सुमारे २० दिवस ते खाद्यातून द्यायचे, मग बंद करायचे, मग घोडीच्या संप्रेरकाची सुई, मग मानवी संप्रेरकाची सुई. केंब्रिजमध्ये ख्रिस्तोफर पोल्ज यांनी सहकाऱ्यांसह १९६० च्या दशकात ही साखळी बसवली. १९६८ मध्ये अंडमोचनाचे एकत्रीकरण आणि कृत्रिम रेतन यांवरचा त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. हेच ते पोल्ज, ज्यांच्या गटाने १९४९ मध्ये ग्लिसरीनमुळे शुक्राणू गोठवूनही जिवंत राहतात हे शोधले. आज उरुळीकांचनच्या ‘बाएफ’पासून जगभर गाईंसाठी वापरली जाणारी गोठवलेल्या रेतनाची नळी त्याच शोधाचे फळ आहे.

१५/ विरोधाभास असा, की पोल्ज यांच्या त्या शोधाचा डुकरांना फारसा उपयोग झाला नाही. वराहाच्या शुक्राणूंना थंडी सोसत नाही. त्यांचे रेत गोठवण्याऐवजी १५ ते १८ अंश सेल्सिअसला ठेवतात आणि ते थोडेच दिवस टिकते. नराच्या एका खेपेचे रेत पंधरा-वीस किंवा अधिक माद्यांना पुरते खरे. पण त्या सगळ्या माद्या त्याच दोन-चार दिवसांत तयार असतील तरच. म्हणजे डुकरांच्या कृत्रिम रेतनाला माजाचे एकत्रीकरण गाईंपेक्षाही अधिक गरजेचे होते.

१६/ आणि येथे पूर्व जर्मनी येते. १९५२ मध्ये सत्ताधारी पक्षाने शेतीचे सामुदायिकीकरण जाहीर केले आणि १९६० मध्ये, ज्याला सरकारने ‘समाजवादी वसंत’ म्हटले त्या मोहिमेत, ते बळाने पूर्ण केले. सामुदायिक शेतसंस्थांना जर्मन आद्याक्षरांनी ‘एलपीजी’ म्हणत. (मराठी वाचकाला सिलिंडर आठवला तर त्याचा दोष नाही.) पुढे पक्षाचे शेतीप्रमुख गेऱ्हार्ड ग्रूनेबर्ग यांनी पिके आणि जनावरे यांची शेती वेगळीच करून टाकली : एका संस्थेने केवळ धान्य पिकवायचे, दुसरीने केवळ जनावरे पोसायची. शेतकरी कामगार झाला आणि गोठा कारखाना झाला.

१७/ या धोरणाचे सर्वांत ठळक स्मारक म्हणजे बर्लिनच्या ईशान्येस एबर्सवाल्डेजवळचे वराहसंकुल. तेथे सुमारे दोन लाख डुकरांची सोय होती. त्याच्या सॉसेजची चव पूर्व जर्मनीतील लोक आजही काढतात, आणि मलमूत्राच्या तलावांची दुर्गंधी आसपासची गावे विसरलेली नाहीत. १९८० च्या दशकात एक कोटी सत्तर लाखांहून कमी माणसांच्या या देशात एक कोटीहून अधिक डुकरे होती.

१८/ अशा संकुलात शेडचे भाग पडतात : विणीचा, दूध तोडलेल्या पिल्लांचा, पुष्ट करण्याचा. एक गट आत आला की सगळा आत. बाहेर गेला की सगळा बाहेर, आणि मधल्या वेळात जागा धुऊन निर्जंतुक. रोगराईच्या दृष्टीने ही रीत शहाणपणाची आहे. पण तिला शंभर डुकरिणी एकाच आठवड्यात, शक्यतो एकाच दिवशी, गाभण व्हायला हव्यात. योजनाबद्ध अर्थव्यवस्थेने ट्रॅक्टरचा, सिमेंटचा, बुटांचा कोटा ठरवला होता. आता अंडमोचनाचा कोटा ठरवणे ओघानेच आले.

१९/ हे काम मुख्यतः रॉस्टॉकजवळील डुमरस्टॉर्फच्या पशुउत्पादन संशोधन केंद्रात आणि विद्यापीठांच्या पशुवैद्यक विभागांत झाले. उवे ह्यून, क्लाउस-पेटर ब्रुसो, मार्टिन वेनर ही त्या परंपरेतली नावे. त्यांनी ठरवले ते असे : माज मुळी शोधायचाच नाही. माज दिसो वा न दिसो, ठरल्या तासाला सगळ्यांचे रेतन करायचे. यालाच निश्चित-वेळ रेतन म्हणतात. मादीच्या लक्षणांवर विसंबणाऱ्या जुन्या रीतीपासूनची ही खरी फारकत.

२०/ तरुण माद्यांसाठीचे एक वेळापत्रक पाहू. गुरुवारी सकाळी माज दाबणाऱ्या औषधाचा शेवटचा घास. शुक्रवारी सकाळी आठ वाजता घोडीचे संप्रेरक. तेथून ७८ तासांनी, म्हणजे सोमवारी दुपारी दोन वाजता, अंडमोचन घडवणारी सुई. पहिले रेतन त्यानंतर २४ तासांनी, मंगळवारी दुपारी दोनला. दुसरे ४२ तासांनी, बुधवारी सकाळी आठला. अंडमोचन ४० तासांच्या आसपास, म्हणजे बुधवारी पहाटे सहाच्या सुमारास. शनिवार-रविवार कोरे. रात्रपाळीची गरज नाही. ७८ हा आकडा डुकरिणीच्या शरीराला चालतो हे खरे. पण तो घड्याळात किती सोयीने बसतो, हे पाहिल्यावाचून या पद्धतीचा अर्थ पुरता कळत नाही.

२१/ व्यालेल्या माद्यांचे काम सोपे होते. पिल्ले अंगावर पीत असतात तोवर डुकरीण माजावर येत नाही. दूध तोडले की चार ते सात दिवसांत येते. म्हणजे ‘बंद’ करण्याचे औषध निसर्गानेच दिलेले. सगळ्या माद्यांची पिल्ले एकाच सकाळी तोडली, की गट आपोआप जुळतो. त्यावर दोन सुया केवळ काटा नेमका बसवतात. तास थोडे बदलतात, इतकेच. आणि ११४ दिवसांनी? तेथेही घड्याळ. १९७० च्या दशकापासून प्रोस्टाग्लॅंडिनने प्रसूती घडवून आणणे शक्य झाले, म्हणजे पिल्ले कामाच्या दिवशी, दिवसाउजेडी जन्मू लागली. न्यायाने हेही नोंदवले पाहिजे, की माणूस हजर असेल तर चिरडून किंवा गारठून मरणारी पिल्ले वाचतात.

२२/ आता मेथॅलिब्युरची काळी बाजू. ते चुकून गाभण डुकरिणीच्या पोटात गेले तर पिल्ले विकृत अवयवांची, वाकड्या पायांची, बिघडलेल्या जबड्यांची जन्मत. १९६० च्या दशकाच्या अखेरीस याचे अहवाल आले आणि पश्चिमी देशांत ते बाजारातून गेले. १९६१ च्या नोव्हेंबरात पश्चिम जर्मनीने थॅलिडोमाइड मागे घेतल्याची आठवण ताजी होती. ते औषध घेतलेल्या मातांची हजारो मुले अवयवांविना जन्मली होती. खाद्यात मिसळण्याचे औषध शेडमधल्या बायकांच्या हातांना लागणार, हे उघड होते.

२३/ पूर्व जर्मनीने थॅलिडोमाइडला मुळात परवानाच दिला नव्हता, आणि याचा तेथे अभिमान होता. तोच देश मेथॅलिब्युर मात्र ‘सुइसिंक्रोन’ या नावाने, पश्चिमेने ते टाकून दिल्यावरही, डुकरिणींच्या खाद्यात घालत राहिला. हा निव्वळ निष्काळजीपणा म्हणणे सोपे आहे. पण संकुले उभी होती, कोटे ठरले होते, पर्यायी औषध पश्चिमी चलनात घ्यावे लागले असते. एकदा इमारत विशिष्ट लयीवर बांधली, की ती लय देणारे औषध सोडणे जवळजवळ अशक्य होऊन बसते.

२४/ पर्याय आला तो फ्रान्समधून : रुसेल-युक्लाफ कंपनीचे अल्ट्रेनोजेस्ट, व्यापारी नाव ‘रेग्युमेट’. रोज २० मिलिग्रॅम, १८ दिवस, खाद्यावर ओतून. ते बंद केल्यावर बहुतेक माद्या पाच-सात दिवसांत माजावर येतात आणि गाठींचा उपद्रव होत नाही. माणसांना मात्र जपावे लागते. ते त्वचेतून शरीरात शिरते आणि स्त्रियांची पाळी बिघडवू शकते. म्हणून हातमोजे घालण्याची आणि गर्भवती स्त्रियांनी ते हाताळू नये अशी सूचना वेष्टनावर असते. डुकरिणीचे चक्र थांबवणारे द्रव्य कामगार स्त्रीचे चक्र ओळखत नाही, असे नाही.

२५/ मानवी संप्रेरकाच्या जागीही नवे आले. १९७१ मध्ये अमेरिकेत अँड्र्यू शॅली यांच्या गटाने पोष ग्रंथीला हुकूम देणाऱ्या मेंदूतील संप्रेरकाची, जीएनआरएचची, रचना उलगडली. त्यासाठी लाखाहून अधिक डुकरांच्या मेंदूंतील एक छोटा भाग कत्तलखान्यांतून गोळा करावा लागला, आणि हाती आले ते एका ग्रॅमचा हजारावा भागही भरेल न भरेल इतके. शॅली आणि त्यांचे प्रतिस्पर्धी रॉजर गिलमँ यांना १९७७ मध्ये नोबेल मिळाले. दहा अमिनो आम्लांचा तो रेणू कारखान्यात बनवता येतो. पूर्व जर्मनीतील संशोधकांनी तो लवकरच आपल्या वेळापत्रकात बसवला. मृत डुकरांच्या मेंदूतून वाचलेला संदेश जिवंत डुकरिणींना घड्याळाच्या ठोक्यावर पाठवला जाऊ लागला.

२६/ १९९० मध्ये देशच नाहीसा झाला. राज्याची संकुले विकली गेली किंवा बंद पडली, डुकरांची संख्या कोसळली, माणसे बेकार झाली. परंतु वेळापत्रक टिकले. एकीकृत जर्मनीच्या पूर्वेकडील मोठ्या फार्मांवर ते चालूच राहिले आणि तेथून इतर देशांत गेले. युरोपीय संघाने वाढीसाठी संप्रेरके देण्यावर बंदी घातली, पण १९९६ च्या निर्देशातही प्रजननासाठीच्या वापराला मुभा ठेवली. मांस वाढवण्यासाठी नको, मांस वेळेवर येण्यासाठी चालेल, असा हा भेद. कायद्याच्या भाषेत तो सुसंगत आहे. ग्राहकाला तो समजावून सांगण्याची घाई मात्र कोणी केल्याचे दिसत नाही.

२७/ अमेरिकेत ही कल्पना उशिरा रुजली, आणि भाषा बदलून. तेथे कोटा नव्हता. तेथे मजुरी होती. २००३ मध्ये अन्न व औषध प्रशासनाने अल्ट्रेनोजेस्टला डुकरिणींसाठी मान्यता दिली. २०१२ मध्ये ट्रिप्टोरेलिन या जीएनआरएचच्या भावंडाच्या जेलला मिळाली : दूध तोडल्यानंतर ९६ तासांनी ते योनीमार्गात सोडायचे आणि सुमारे २२ तासांनी एकदाच रेतन करायचे, माज न तपासता. समाजवादी नियोजकाने जे कोट्यासाठी मागितले, तेच मांसकंपनीच्या व्यवस्थापकाने मजुरीच्या हिशेबासाठी मागितले. पूर्व-पश्चिमेच्या शीतयुद्धात याहून निर्विवाद एकमत क्वचित झाले असेल.

२८/ यात पाठीवर हात ठेवून माज ओळखणारा माणूस मागे पडला. त्याबद्दल फार हळहळण्याचे कारण नाही, ते काम कष्टाचे आणि कंटाळवाणे होते. पण तो माणूस रोज प्रत्येक जनावराकडे पाहत असे. जी मादी खुराक कमी पडल्याने किंवा उन्हाळ्याच्या तावाने माजावर येत नाही, तिच्याकडे त्याचे लक्ष जाई. निश्चित वेळेच्या पद्धतीत ती मादी बुधवारी सकाळी आठ वाजता इतरांप्रमाणेच रेत घेते, आणि तिचे दुखणे तीन-चार आठवड्यांनी गर्भतपासणीत ‘रिकामी’ या एका शब्दात नोंदले जाते. पद्धतीचे समर्थक म्हणतात, नीट पोसलेल्या कळपातच सुया लागू पडतात, त्या वाईट पालनावरचा उतारा नव्हेत. ते खरे आहे. परंतु सुई स्वस्त आणि पालन महाग असते, तेव्हा काय निवडले जाते हेही ठाऊक आहे.

२९/ राहता राहिली घोडी. तिच्या गर्भातील पेशी गर्भाशयाच्या भिंतीत घुसून वाटीसारख्या रचना करतात आणि त्यांतून हे संप्रेरक पाझरते, हे १९७२ मध्ये केंब्रिजच्या अ‍ॅलन आणि मूर यांनी दाखवले. गर्भकाळाच्या साधारण ४० व्या ते १२० व्या दिवसापर्यंतच ते रक्तात असते. ते मिळवायचे तर त्याच काळात रक्त काढावे लागते. २०१५ मध्ये स्विस आणि जर्मन प्राणिकल्याण संघटनांनी अर्जेंटिना आणि उरुग्वेतील ‘रक्तफार्मां’चे चित्रीकरण उजेडात आणले : मारझोड, अशक्त घोड्या, आणि पुन्हा लवकर गाभण करता यावे म्हणून पाडलेले गर्भ. तोवर या औषधाच्या बाटलीमागे घोडी आहे, हे ते टोचणाऱ्या कित्येकांच्या मनातही आले नसेल.

३०/ नोव्हेंबर २०२१ मध्ये अशीच चित्रफीत आइसलँडमधून आली. त्या देशाची ख्यातीच घोड्यांवर उभी, त्यामुळे गदारोळ मोठा झाला. हजारो घोड्यांकडून हंगामात आठवड्याला पाच लिटरपर्यंत रक्त काढले जात होते, आठ आठवड्यांपर्यंत. त्याच्या महिनाभर आधी, ऑक्टोबर २०२१ मध्ये, युरोपीय संसदेने या संप्रेरकाचे उत्पादन आणि आयात थांबवावी असा ठराव केला होता. ठराव बंधनकारक नव्हता.

३१/ उत्पादकांचे म्हणणे असे, की या घोड्या मोकळ्या रानात राहतात, रक्त पशुवैद्य काढतो, आणि हे उत्पन्न नसते तर छोट्या शेतकऱ्यांनी कळप केव्हाच कत्तलखान्यात पाठवले असते. टीकाकार विचारतात, माणसाच्या हाताला न सरावलेल्या, अर्धरानटी घोडीला चौकटीत बांधून दर आठवड्याला इतके रक्त काढणे तिला कसे मानवेल? दरम्यान पेशींच्या संवर्धनातून, जनुकीय तंत्राने बनवलेले घोडीचे संप्रेरक काही देशांत बाजारात येऊ लागले आहे. १९३० मध्ये हाती आलेला तो टिकाऊ रेणू घोडीशिवाय बनवायला नव्वद वर्षे लागली, कारण त्याचे शर्करांचे आवरणच नक्कल करायला सर्वांत अवघड.

३२/ तोवर आइसलँडच्या कुरणांवर उन्हाळा सरतानाचा तो हंगाम दरवर्षी येतो. चाळिसाव्या दिवसाच्या सुमारास घोडीची पहिली तपासणी होते; रक्तात संप्रेरक पुरेसे असेल तर तिच्यासाठी आठवड्यातला एक वार ठरतो, आणि पुढचे आठवडे त्याच वारी तिला कळपातून काढून लाकडी चौकटीत आणतात.